कोगनोळी ते बेनापोल: सुताच्या एका गाडीचा हिशोब

कागल सुटलं की दूधगंगेचा पूल, आणि पूल ओलांडला की कर्नाटक. घरनं भाकरी बांधून निघायचं आणि भाकरी गरम असतानाच परराज्यात पोचायचं, असं आम्हा कोल्हापूरच्या ड्रायव्हरांचं आहे. फक्त १ जुलै २०१७ च्या आधी ती भाकरी कोगनोळीच्या नाक्यावरच गार व्हायची. तिथं विक्रीकराचा नाका होता. गोकुळ शिरगावचं कास्टिंग भरून बेंगळुरूला निघालेली गाडी रांगेत लागायची. बिल, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, कर्नाटकच्या करखात्याचा ई-सुगम नंबर, आणि यांतलं एक अक्षर इकडचं तिकडं असलं की गाडी बाजूला. बाजूला लागलेल्या गाडीभोवती एक वेगळंच गाव जमायचं. झेरॉक्सवाला, चहावाला, 'मी आत बोलतो' म्हणणारा एजंट. सगळ्यांची पोटं आमच्या थांबण्यावर.

जीएसटी आला आणि दोन-तीन दिवसांत बावीस राज्यांनी आपापले नाके उठवले. त्यानंतर पहिल्यांदा कोगनोळी पार केली तेव्हा सवयीनं पाय ब्रेकवर गेलाच. मागचा बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि क्लीनर विचारत होता, "का ओ मामा, काय झालं?"

आता गंमत बघा. आमच्याकडं सीमाप्रश्न अजून धगधगतोय. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव-निपाणी तिकडं गेलं, महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या. त्या आठवड्यात आमच्यातल्या कितीतरी जणांनी गाड्या घरीच लावल्या. पण त्याही आठवड्यात मालावरचा कर बघायला कोगनोळीत गाडी कुणी अडवली नाही. माणसांची रेघ जिथल्या तिथं आणि मालाची रेघ पुसलेली, असं दोन्ही एकाच जागी आम्ही बघितलंय. कोरोनात, २०२१ ला, आरटीपीसीआरचा कागद मागायला त्याच कोगनोळीत पुन्हा बॅरिकेड लागले होते. नाका उठवायला वर्षं जातात, लावायला एक रात्र पुरते.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं मी कोगनोळीच्या मापानं मोजत गेलो.

२०२४ च्या सुरुवातीला इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीचं लोड मिळालं. सुताच्या कोनचे बॉक्स, पोचवायचे बांगलादेशात बेनापोलला. बांगलादेश कपडे शिवून जगाला विकतो. त्या बाबतीत चीनच्या खालोखाल त्याचंच नाव. पण कापूस तिथं फारसा पिकत नाही, त्यामुळं सूत आपल्याकडनं जातं. आपल्या भागातल्या गिरण्यांना हे गिऱ्हाईक नवं नव्हतं, मला मात्र नवं होतं. तोवर माझी धाव बेंगळुरू, चेन्नई, फार तर नागपूर.

भाडं ऐकून हुरळलो. मग गिरणीच्या ऑफिसातल्या माणसाला विचारलं, "हॉल्टिंगचं काय?"

तो म्हणाला, "बॉर्डरवर आठवडाभर हॉल्टिंग नाही, त्यानंतर बघू."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. माल उतरेपर्यंत गाडी उभी राहिली तर त्या उभं राहण्याचे मालवाल्यानं द्यायचे ते पैसे म्हणजे हॉल्टिंग. चालत्या गाडीत डिझेल जळतं ते दिसतं. उभ्या गाडीत काय जळतं ते फक्त मालकाला दिसतं: बँकेचा हप्ता, इन्शुरन्स, दोन माणसांचं जेवण, आणि हातचं गेलेलं पुढचं लोड. हॉल्टिंग नाही याचा अर्थ एवढाच की नाक्याचा खर्च माझ्या खिशातनं. तरी मी हो म्हटलं. मार्केट मंद होतं, आणि खरं सांगायचं तर जायची हौसही होती.

कागदांची फाईल जाड होती. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल्टी, वाटेत माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ई-वे बिल. शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडं करायचा निर्यातीचा अर्ज, तिकडचा सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, ऑनलाइन भरणार होता. काट्यावर वजन करून, ताडपत्री दुहेरी बांधून निघालो. सुताला पाण्याचा थेंब चालत नाही आणि ओलं सूत परत आलं तर त्याचा भुर्दंड ट्रान्सपोर्टवर, म्हणून ताडपत्रीला मी कुणाला हात लावू देत नाही.

वाटेचं फार सांगण्यासारखं नाही. मिरज, सांगोला, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, बुटीबोरी. पुढं भंडारा, देवरी, रायपूर, सरायपाली, संबलपूर, केओंझर, बहरागोडा, खडगपूर. महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, बंगाल अशी पाच राज्यं, दोन हजार किलोमीटरच्या आसपास. ई-वे बिलाला दोनशे किलोमीटरमागं एक दिवस मिळतो, म्हणजे दहा दिवसांची मुदत, आरामात पोचतो. या पाचांपैकी एकाही राज्याच्या वेशीवर 'कर भरलाय का' असं कुणी विचारलं नाही. फास्टॅग टुकटुक वाजत राहिला. रस्त्यावर हात करणारे काही ठिकाणी भेटले, ते आपल्या धंद्यात नवं नाही, त्याबद्दल इथं लिहीत नाही.

डानकुणीला कोलकात्याची हद्द लागली आणि विमानतळाच्या अलीकडनं जेसोर रोड धरला. बारासात, हाबरा, गाईघाटा, बनगाव. रस्ता अरुंद, कारण दोन्ही अंगांना शंभर-शंभर वर्षांचे शिरीष. ही झाडं तोडायची की ठेवायची यावरनं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं. सावली एवढी दाट की भर दुपारी लाईट लावावी वाटावी. देशातला जमिनीवरनं होणारा बांगलादेशचा व्यापार सत्तर टक्क्यांच्या घरात या एका वाटेनं जातो, आणि वाट आमच्या गारगोटी रोडएवढी. हाबऱ्याच्या फाटकात अडकलो की समोर सायकलरिक्षा, मागं भाजीचा टेम्पो आणि मध्ये बारा टायरचं कोल्हापूर.

बनगावला पोचलो आणि कोगनोळीचं जुनं गाव पुन्हा भेटलं, पण कितीतरी मोठं. मैलभर पार्किंगं. प्रत्येक पार्किंगला भाडं, आंघोळीला पैसे, मोबाईल चार्जिंगला पैसे. हॉटेलात भात-मासे सगळीकडं, चपाती मागितली की मैद्याची. पंजाबचे, राजस्थानचे, तमिळनाडूचे ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून बसलेले. नामक्कलचे एक अण्णा भेटले, जुने जाणते. त्यांनी सांगितलं की पूर्वी इथं महिना-महिना गाडी उभी राहायची. नंबर कुणाचा आधी लागला आणि का लागला हे विचारायचं नसायचं. आता राज्य सरकारनं ऑनलाइन स्लॉट केलाय. 'सुविधा' म्हणतात. पैसे भरून तारीख घ्यायची, त्या तारखेला गाडी पुढं न्यायची. अण्णांच्या मते यात रांग संपली नाही, रांगेला पावती आली. मला ते थोडं अन्यायाचं वाटलं. महिन्याची रांग आठवड्यावर येणं ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण अण्णा गिरणीच्या माणसाशी हॉल्टिंगसाठी माझ्याहून जास्त वेळा भांडलेले होते, म्हणून गप्प बसलो.

आमचा स्लॉट गिरणीच्या एजंटानं काढला होता, पण तारीख चार दिवस पुढची. त्यात मध्ये शुक्रवार. शुक्रवारी बांगलादेशात सुट्टी, बेनापोलचं कामकाज बंद. थांबलेला ड्रायव्हर मोबाईलवर काय काय वाचतो विचारू नका. मी जागतिक बँकेचा २०२१ चा एक अहवाल वाचला, म्हणजे त्याच्यावर आलेल्या बातम्या वाचल्या. त्यात याच पेट्रापोल-बेनापोलचा (पेट्रापोल आपल्या बाजूचं, बेनापोल तिकडचं) हिशोब दिला होता: एक ट्रक पार व्हायला १३८ तास, त्यातले २८ तास नुसते माल एका गाडीतनं दुसरीत टाकायला. पूर्व आफ्रिकेत एवढ्याच वर्दळीच्या सीमांवर सहा तासांच्या आत काम होतं, असंही होतं. क्लीनरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग आपण आफ्रिकेत जन्मायचं होतं होय?"

तारीख आली. पेट्रापोलचा इंटिग्रेटेड चेकपोस्ट २०१६ पासून सुरू आहे आणि बाहेरच्या गर्दीनंतर आत गेलं की वेगळ्याच देशात आल्यासारखं होतं. रुंद सिमेंटचं आवार, गोदामं, वजनकाटा. गेटवर नोंद, काट्यावर गाडी, कस्टमचा माणूस ताडपत्रीचं एक टोक उघडून दोन बॉक्स बघतो, सील आणि नंबर जुळवतो, सीएचएचा पोरगा फाईल घेऊन पळत असतो. तो पोरगा नसता तर मी आजही तिथंच असतो. कुठल्या खिडकीला कुठला कागद, हे कुठंच लिहिलेलं नाही. त्याच्या पायांना पाठ आहे. मग निर्यातीचा हुकूम झाला, ड्रायव्हर म्हणून माझ्या नावाचा कारपास, म्हणजे गाडी पलीकडं न्यायचा परवाना, झाला. बीएसएफनं केबिन, गादीखाली, टूलबॉक्स, सगळं तपासलं. झीरो लाईनवर गाडी दहा-बारा गाड्यांच्या मागं सरकत सरकत गेली आणि घड्याळ अर्धा तास पुढं झालं.

रस्ता डावीकडनंच चालवायचा, गाड्या त्याच, अशोक लेलँड आणि टाटा. दुकानांवरच्या पाट्या बनगावसारख्याच बंगालीत. मोबाईलची रेंज तेवढी गेली. आता बायकोला फोन कधी होणार, हे परत येईपर्यंत कळणार नव्हतं. बनगावातनंच सांगून ठेवलं होतं की दोन-तीन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. तरी परत आल्यावर बोलणी खाल्लीच.

बेनापोलच्या यार्डात गाडी लावली आणि खरा १३८ तासांचा अर्थ तिथं कळला. माझी गाडी इथनं पुढं जायची नाही. सूत नारायणगंजच्या कारखान्यात जायचं, पण ते मी न्यायचं नाही; त्यांची गाडी येणार, माझ्या गाडीला पाठ लावणार, हमाल डोक्यावरनं बॉक्स तिकडं टाकणार. कोल्हापुरात भरताना एकदा हाताळलेला माल इथं दुसऱ्यांदा, कारखान्यात तिसऱ्यांदा. प्रत्येक हाताळणीला हमाली, प्रत्येक हाताळणीत चार-दोन बॉक्सांची कोपरं चेपणार. यार्डातनं बाहेर जायची मुभा नाही. चहा आत मिळतो, रुपये चालतात, पण सुट्टे 'टाका' या त्यांच्या चलनात परत येतात आणि हिशोब तुम्ही करत बसा.

ज्याच्या गाडीत माल जायचा तो ड्रायव्हर जेसोरचाच होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. टीव्ही बघून शिकलेली त्याची हिंदी माझ्या हिंदीपेक्षा बरी होती. त्याची गाडी लागायला एक रात्र गेली, म्हणून गप्पा झाल्या. मी त्याला कोगनोळी सांगितली. त्यानं मला पद्मेचा घाट सांगितला.

बेनापोलहून ढाक्याला जायला पद्मा नदी आडवी येते. जून २०२२ मध्ये तिच्यावर पूल झाला. त्याआधी दौलतदियाच्या घाटावर फेरीबोटीची वाट बघत ट्रक उभे राहायचे. धुकं पडलं किंवा पाणी चढलं की दोन-दोन दिवस. बोटीवर आधी बस, मग भाजीपाला, सगळ्यात शेवटी आम्हासारखे. पूल झाला आणि ते सगळं संपलं. मी म्हटलं, मग मजा आहे तुझी. तो हसला. म्हणाला, फेऱ्या वाढल्या, खरंय, पण मालकानं फेरीमागं पैसे कमी केले. 'आता तर लवकर पोचतोस' म्हणाला. घाटावरचा वेळ वाचला तो मालवाल्याचा, माझी झोप तेवढी कमी झाली.

मला कुणीतरी माझीच वही वाचून दाखवावी तसं झालं. कोगनोळीचा नाका उठला तेव्हा आमच्याकडं काय झालं? कोल्हापूर-बेंगळुरूच्या भाड्यात नाक्याचे तास धरलेले असायचे. नाका गेल्यावर पार्टीनं ते तास भाड्यातनं कापले. पूर्वी महिन्याला होत होत्या त्याहून जास्त फेऱ्या होतात, पण वर्षाच्या शेवटी हातात जे राहतं ते तेवढंच, कधी कमी. ज्याच्याकडं पन्नास गाड्या आहेत त्याला ते परवडतं. त्याच्या गाड्यांवर ड्रायव्हर बदलतात आणि गाडी चोवीस तास पळते. एका गाडीच्या मालकानं किती पळायचं? नाका असताना लूट व्हायची हे खरं, पण त्या नाक्यावर मोठा आणि छोटा दोघंही सारखेच उभे असायचे.

म्हणून नाके परत आणा असं मी म्हणणार नाही. कोगनोळीच्या त्या रांगेत ज्यानं रात्र काढली तो असं म्हणणार नाही. पण 'सीमा खुल्या झाल्या की सगळ्यांचा फायदा' हे जे सांगतात, त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की वाचलेले तास कुणाच्या नावावर जमा झाले.

जेसोरच्या पोराला मी आणखी एक विचारलं. उद्या तुझी गाडी थेट इचलकरंजीला येऊ दिली आणि माझी नारायणगंजला, तर? तो म्हणाला, आवडेल, तुमचा मुलूख बघायला आवडेल. मग लगेच म्हणाला, पण आमची युनियन होऊ देणार नाही. तुमच्या गाड्या मोठ्या, तुम्ही आमचं भाडं खाल. बनगावात पार्किंगवाल्यांनी आणि तिथल्या लोकल ट्रकवाल्यांनी मला नेमकं हेच उलट बाजूनं सांगितलं होतं. बांगलादेशी गाड्या थेट आल्या तर आमच्या बनगावच्या गाड्यांनी काय करायचं?

असा करार कागदावर आहे, हे खरं तर मला तिथंच कळलं. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटर वाहन करारावर सह्या केल्या. एका देशाचा मालट्रक दुसऱ्या देशात थेट, मध्ये माल उतरवायचा नाही. त्याच वर्षी कोलकाता-ढाका-आगरतळा अशी एक चाचणीची गाडी पळवलीसुद्धा. मग भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहानं नकार दिला. छोटा देश, डोंगराचे रस्ते, आमच्या-तुमच्या गाड्यांची भीती. बाकी तिघांनी पुढं जायचं ठरवलं, पण मी बेनापोलला उभा होतो तेव्हा करार होऊन आठ वर्षं उलटली होती आणि हमाल डोक्यावर बॉक्स घेऊन पळतच होते. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, तर २००६ चा. तरी आपल्या या भागातले देश एकमेकांशी करतात तो व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतो. जकात कागदावर कमी झाली आणि गाडी यार्डात उभी राहिली तर गिरणीला दोन्ही एकच.

परतताना गाडी रिकामी. तिकडनं भरून यायची सोय माझ्यासारख्याला नाही. येताना तपासणी जास्त कडक, कारण रिकाम्या गाड्यांतनं सोनं येतं म्हणतात. चेसीखाली आरसा, टायरच्या हवेपासून डिझेलच्या टाकीपर्यंत सगळं ठोकून बघितलं. कोलकात्यात परतीचं लोड मिळायला पुन्हा थांबलो. घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा चालण्यापेक्षा उभं राहण्याचे दिवस जास्त होते.

गडहिंग्लजच्या माझ्या मित्राचा पुतण्या युरोपात ट्रेलर चालवतो, लिथुआनियातल्या एका कंपनीच्या गाडीवर. आल्यावर त्याला मुद्दाम फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडं कसं? तो म्हणाला, "काका, पोलंडमधनं जर्मनीत कधी शिरलो ते कळायचंच नाही. नंतर २०२३ च्या ऑक्टोबरापासनं जर्मनीनं पुन्हा तपासणी लावली, तेव्हापासून अधूनमधून थांबवतात." म्हणजे कोगनोळीचे बॅरिकेड तिथंही. (हे त्यानं दुसऱ्या फोनवर सांगितलं; आमचे फोन चालूच असतात.) रुमानिया आणि बल्गेरियाच्या सीमांवर ट्रक दिवसच्या दिवस उभे असायचे, ते देश १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, पूर्ण आले आणि जमिनीवरची ती तपासणी गेली.

पण त्यानं दुसरंच एक सांगितलं ते माझ्या डोक्यातनं जात नाही. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचंच. दिवसाला नऊ तास, आठवड्यात दोनदा फार तर दहा. आठवड्याची पंचेचाळीस तासांची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, मालकानं राहायची सोय करायची. गाडीतलं यंत्र सगळं टिपतं आणि पोलीस ते काढून बघतात. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकांना बंदीच. पुतण्या वैतागून सांगत होता, आणि मी ऐकताना हेवा करत होतो. त्यांच्याकडंही तक्रारी आहेत. पूर्वेकडचे ड्रायव्हर स्वस्तात येतात म्हणून पश्चिमेकडचे चिडतात, आमच्यासारखेच. तरी सीमा उघडली तेव्हा ड्रायव्हरनं किती पळायचं याचा नियमही सगळ्यांना एकच केला. आपल्याकडं मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा १९६१ मध्येच झाला, त्यात दिवसाला आठ तास लिहिले होते. कोल्हापूर-बेंगळुरू आठ तासांच्या हिशोबानं नेतो म्हणणाऱ्याला तावडे हॉटेलजवळ कुणी लोड देईल का, तुम्हीच सांगा.

आफ्रिकेचंही मग वाचत गेलो. झांबिया आणि झिंबाब्वेच्या मध्ये झांबेझी नदीवर चिरुंडू म्हणून नाका आहे. २००९ पासून तिथं दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसतात. गाडी दोनदा नाही, एकदाच थांबते. पेट्रापोल-बेनापोलला हे एवढं जरी झालं तरी निम्मी रांग जाईल. २०१८ मध्ये किगालीत सगळ्या आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापाराचा करार झाला, २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला म्हणतात. आणि त्याच वेळी काँगोच्या सीमेवर कासुंबालेसाला तांब्याच्या ट्रकांच्या किलोमीटरभर रांगांचे फोटो येतात. खंड एक करायचा करार राजधानीत होतो. तो खरा आहे का ते कासुंबालेसाच्या रांगेतला ड्रायव्हर सांगेल.

बेनापोलची माझी वाट पुढं बंदच झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सरकार बदललं. एप्रिल २०२५ मध्ये भारतानं बांगलादेशाला आपल्या विमानतळ-बंदरांतनं माल पुढं पाठवायची सवलत काढून घेतली, आणि त्याच महिन्यात बांगलादेशानं जमिनीवरच्या नाक्यांतनं भारतीय सूत घ्यायचं थांबवलं. मे महिन्यात आपण उत्तर दिलं: बांगलादेशचे तयार कपडे भारतात येतील ते न्हावा शेवा आणि कोलकात्याच्या बंदरांतनंच. बनगावच्या पार्किंगवाल्याचा मला फोन आला होता, गाड्या नाहीत म्हणून. त्याचं थांबलेल्या गाड्यांवरचं पोट आता गाड्या न आल्यामुळं रिकामं.

सूत मात्र जायचं थांबलं नाही. समुद्रानं घ्यायला बांगलादेशाची ना नाही. म्हणून आता इचलकरंजीचं तेच सूत मी न्हावा शेवाला नेतो. रात्री जेवून निघालं की सकाळी उरणजवळच्या यार्डात. तिथनं कंटेनर जहाजानं चट्टोग्रामला आणि पुढं ट्रकनं नारायणगंजला, कदाचित त्याच जेसोरच्या पोराच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी गाडीतनं. आणि त्या सुताचे शर्ट झाले आणि त्यातले काही भारतात आले तर तेही न्हावा शेवालाच उतरणार, मी रिकामी गाडी घेऊन उभा असेन त्या रस्त्यावर.

उभा असेन म्हणतो, कारण बंदराबाहेर रांग आहेच. कधी सिस्टिम बंद, कधी कंटेनर आलेला नाही, कधी यार्डात जागा नाही. दोन हजार किलोमीटरचं भाडं गेलं, पावणेचारशेचं राहिलं, आणि थांबणं तेवढंच. म्हणून गेल्या महिन्यात गिरणीच्या ऑफिसात जाऊन बसलो आणि सांगितलं, यापुढं बिल्टीवरच लिहा: हॉल्टिंग पहिल्या दिवसापासून. तो माणूस चहा मागवून म्हणाला, "अहो, आता बॉर्डर कुठं राहिली? आता हॉल्टिंग कशाला लागतंय?"

मी बिल्टीवर सही केली नाही. लोड दुसऱ्याला दिलं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय, बघू काय म्हणतो.